टाच मागे गेलीच नव्हती : घरच्या ओव्हनमध्ये बसवलेल्या आइस हॉकी स्केटचं एक प्रकरण

नोव्हेंबरातला रविवार, रात्रीचे साडेअकरा. मेहुणा दारात. बाहेर उणे सहा आणि याच्या पायात मोज्यांवर चप्पल. काखेत नव्या कोऱ्या कस्टम, म्हणजे पायाच्या मापानं बनवून घेतलेल्या, स्केट्सची जोडी.

"दाजी, विकून टाकतो हे. आजपासून मी फक्त टीव्हीवर हॉकी बघणार."

सहा आठवडे वाट बघून आलेले बूट, किंमत हजार डॉलरच्या वर, आणि त्यांत जेमतेम तीन सामने झालेले. त्याला आत घेतलं, पाय बघितला. उजव्या पायाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या जरा पुढे, रुपयाएवढा लाल डाग. डाव्या टाचेला वरच्या बाजूला सोललेलं. घोट्याच्या पुढे, नाडी आवळली जाते तिथे, दोन आडवे वळ. शिवाय सामन्याच्या तीन पिरियडांपैकी दुसऱ्यापासून उजव्या पायाची बोटं बधिर होतात, ही तक्रार वेगळी.

आम्ही किचनरला राहतो, ओंटारिओत. हॉकीच्या बुटांच्या बाबतीत हे गाव जरा तोऱ्यात असतं, कारण बाउअर कंपनी १९२७ साली इथेच सुरू झाली, बूट बनवणाऱ्या एका कुटुंबाच्या कारखान्यात. पातं कायमचं जोडलेला बूट विकण्याचं श्रेय त्यांच्याकडे जातं. मेहुणा कोल्हापूरचा, मी साताऱ्याचा. दोघंही बर्फावर पहिल्यांदा उभे राहिलो ते तिशी उलटल्यावर. आता रात्री दहाच्या प्रौढांच्या लीगमध्ये खेळतो, जिला इथे सरळ बिअर लीगच म्हणतात. खेळ माझा यथातथाच, पण बूट बसवून देण्यात हात बसलाय. ओळखीतल्या पाच-सहा जोड्या आमच्या स्वयंपाकघरात गरम झाल्यात. बायको याला 'बेकरी' म्हणते.

सांगायचं प्रकरण या एका जोडीचं. यात मी स्वतः एक चूक केली, आणि खरं कारण त्या चुकीमुळेच सापडलं, म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

पाय आणि बूट

मेहुण्याचा पाय अवघड म्हणावा असाच. चवडा रुंद, टाच अरुंद, पायाचा माथा उंच. तयार बुटात असा पाय हमखास फसतो. चवड्याला बेताचा बूट घ्यावा तर टाच आत खेळते, टाचेला घट्ट घ्यावा तर करंगळी रडते. दोन वर्षं तयार बुटात काढल्यावर त्यानं कस्टम बनवायचं ठरवलं, आणि तो निर्णय योग्यच होता. दुकानात पायाचा त्रिमितीय स्कॅन झाला, उभं राहून, दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून. कारखान्यात त्यावरून बूट बनला. बूट आल्यावर दुकानातल्या पोरानं तो त्यांच्या ओव्हनमध्ये गरम केला, याच्या पायात चढवला, दहा मिनिटं बसवलं आणि घरी पाठवलं. शनिवारची दुपार, मागे सात-आठ लहान मुलं आयांसकट रांगेत. निघताना पोरगा म्हणाला, "दोन-चार वेळा खेळा, आपोआप बसेल."

ते 'आपोआप' ऐकलं की माझं डोकं फिरतं. चामड्याचे जुने स्केट घालून घालून बसत. आपली कोल्हापुरी तशीच बसते: आठवडाभर चावते, तेल लावायचं, घरात घालून हिंडायचं, की ती पायाची होते. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर नेमकं तेच सुचवलं, "अहो, तेल तरी चोळा त्याला." पण आताचा बूट कार्बन आणि कडक फोमच्या थरांचा असतो. तो माणसाच्या घामानं आणि वजनानं फारसा हलत नाही, हलतो तो उष्णतेनं. साधारण ८० अंश सेल्सिअसला आतला फोम आणि बाजूचं कवच थोडं सैल पडतं आणि निवताना ज्या आकारावर दाबलेलं असेल तो आकार धरतं. पाय चुकीच्या जागी असेल तर तो चुकीचा आकारही तितक्याच इमानानं धरला जातो. हे मला तोंडपाठ होतं, आणि तरी पहिल्या रात्री मी विसरलो.

पहिला प्रयत्न, म्हणजे माझी चूक

सोमवारी संध्याकाळी तो जोडी घेऊन आला आणि मी निदान न करता थेट ओव्हन लावला. एवढा लाल डाग दिसतोय, म्हणजे तिथे जागा हवी, म्हणजे पुन्हा गरम करू. हा माझा तर्क.

इथे आधी एक कोरडी पण कामाची गोष्ट. काही कंपन्या घरच्या ओव्हनला साफ नाही म्हणतात आणि तसं केलं तर वॉरंटीतून हात काढून घेतात. काही जण तापमान आणि मिनिटांसकट पत्रक देतात. कस्टम बुटाला फिटिंगची हमी असेल तर ती आधी वापरून घ्यायची, ओव्हन नंतर. आम्ही डब्यातलं पत्रक वाचलं ते ओव्हन तापत असताना. त्यात तापमान आणि वेळ दिलेली होती, हे आमचं नशीब.

इथल्या देशाचा कारभार सेल्सिअसमध्ये, पण स्वयंपाकघरातला ओव्हन अजून फॅरनहाइटमध्येच बोलतो. मी १८० लावलं, म्हणजे सेल्सिअसमध्ये साधारण ८२. दिवा विझला, म्हणजे तापला असं समजून बूट आत ठेवले, दोन्ही एकदम. सहा मिनिटांनी उजवा काढला, त्यानं पाय घातला, मी सवयीनं नाड्या वरपर्यंत आवळल्या. तो खुर्चीत पाय लांब पसरून बसला. तेवढ्यात बेल वाजली, पिझ्झा आला होता, आणि हा पठ्ठ्या उठून तसाच चालत दारापर्यंत गेला.

उजव्या बुटाचं वरून दुसरं नाडीचं भोक कडेला किंचित ओढलं गेलं. गरम बुटात नाडी वरच्या दिशेनं खेचली तर हेच होतं, कारण भोकाभोवतीचं कवचही त्या वेळी मऊ असतं. डावा बूट तोवर आतच होता. तो काढला तेव्हा पुढच्या टोपीच्या कडेला गोंद सुटल्याची चमकदार रेघ दिसत होती. दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये ठेवायचा काट्याचा थर्मामीटर आणला आणि तसाच १८० लावून पाहिला. काटा २०५ वर. म्हणजे पाच जोड्या मी नुसत्या नशिबावर भाजल्या होत्या.

बुधवारी तो खेळला. उजव्या पायाचं दुखणं जास्त, डावी टाच आधीपेक्षा सैल. त्याच्या फोनवर विक्रीची जाहिरात लिहून तयार होती.

कुंकवाची परीक्षा

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. गुरुवारी रात्री, ओव्हन बंद.

आतला तळवा काढून जमिनीवर ठेवला आणि त्याला त्यावर उभं केलं, टाच मागच्या कडेला लावून. अंगठा पुढच्या कडेच्या आत, दोन्ही बाजूंना पाय बाहेर सांडत नव्हता. लांबी-रुंदी ठीक. स्कॅननं आपलं काम नीट केलं होतं.

मग पेन्सिल. पाय बुटात, नाडी मोकळी, जीभ बाजूला, आणि वरून तिसऱ्या भोकांच्या जोडीवर पेन्सिल आडवी. ती दोन्ही कडांवर टेकली तर बूट पुरेसा खोल. डाव्या पायावर टेकली. उजव्या पायाच्या माथ्यावर ती डुगडुगली, तराजूच्या दांडीसारखी. म्हणजे उजवा बूट त्या पायाला उथळ आहे. उष्णतेनं भिंती इकडेतिकडे होतात, बूट खोल होत नाही. ओव्हननं सुटणार नाही असा हा एक भाग, तो बाजूला काढून ठेवला.

आता तो लाल डाग. नेमकं कुठे दुखतं हे माणसाला स्वतःला सांगता येत नाही. तो तीन बोटांएवढी जागा दाखवतो. दुकानात अशा वेळी दुखऱ्या हाडावर लिपस्टिक लावून पाय आत घालतात, म्हणजे आतल्या कापडावर ठिपका उमटतो. लिपस्टिक मागितल्यावर बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी देवघराकडे वळलो. ओल्या कुंकवाची बाटली होती. कमानीच्या वर, आतल्या बाजूला जे हाड टोक काढून असतं, त्याच्यावर एक टिकली लावली. अनवाणी पाय बुटात. आणि इथे, का कोण जाणे, मी त्याला म्हटलं, "खेळताना उभा राहतोस तसा राहा. गुडघे वाकव."

त्यानं गुडघे वाकवले, पाय काढला. बॅटरी लावून आत पाहिलं. दुकानात आणि नंतर माझ्याकडे गरम करताना त्या हाडानं फोममध्ये एक खळगा पाडलेला होता, बोटाला स्पष्ट लागत होता. कुंकवाचा ठिपका त्या खळग्यात नव्हता. तो त्याच्या मागे होता, बोटाच्या अर्ध्या पेराएवढा मागे, बरोबर खळग्याच्या काठावरच्या उंचवट्यावर.

दोन मिनिटं आम्ही नुसते बघत राहिलो. मग त्याला पाय सरळ करून उभं केलं आणि पुन्हा ठिपका घेतला. या वेळी तो खळग्यात पडला.

प्रकरण उलगडलं ते इथे. पाय सरळ असला की बोटं पुढच्या टोपीला टेकतात आणि टाच मागच्या भिंतीपासून सुटते. गुडघा वाकवला की टाच मागे जाऊन बसते आणि बोटं जराशी मोकळी होतात. दुकानात हा बाकावर पाय पसरून बसला होता, माझ्याकडेही तसाच बसला, वर पिझ्झ्यासाठी चालून आला. दोन्ही वेळेला बुटानं पुढे सरकलेल्या पायाचा साचा घेतला. टाचेसाठीची वाटी पुढे तयार झाली, हाडाची जागा पुढे तयार झाली. बर्फावर गुडघे वाकले की पाय मागे जायचा, हाड खळग्याच्या काठावर आदळायचं आणि टाच तिच्या वाटीत नसल्यामुळे उचलायची. टाच उचलते म्हणून हा नाडी आणखी आवळायचा, म्हणून घोट्यावर वळ. आणि उजवा बूट मुळात उथळ, त्यात ही आवळाआवळ, म्हणून दुसऱ्या पिरियडपासून बोटं बधिर. तो चार तक्रारी घेऊन आला होता, त्यातल्या साडेतीन एकाच गोष्टीच्या होत्या.

"म्हणजे मोजमाप बरोबर, बसवताना मी चुकीचा बसलो?" मेहुणा म्हणाला.

"तुला कुणी नीट बसवलंच नाही. पहिल्यांदा त्यांनी, दुसऱ्यांदा मी."

दुसरा प्रयत्न

पुढच्या रविवारी केला. मध्ये मुद्दाम तीन दिवस गेले, कारण फोमला पुन्हापुन्हा गरम करणं चांगलं नाही, दर वेळी तो थोडा जीव सोडतो. हा शेवटचा, असं ठरवूनच बसलो.

पाती (आताच्या बुटांत ती सुटी काढता येतात) आणि आतले तळवे काढून ठेवले. ओव्हनचं बटण त्याच्या सर्वांत खालच्या आकड्यावर, १७० वर. थर्मामीटरचा काटा हेलकावे खात १८० च्या आसपास स्थिर व्हायला वीस मिनिटं लागली. मग ओव्हन बंद केला. तापलेली पट्टी लाल असताना बूट आत ठेवायचा नाही. हवा गरम हवी, झळ नको. ट्रेवर ओला पिळलेला टॉवेल, त्यावर एकच बूट, मधल्या कप्प्यात, भिंतींना न लागता. ज्यांच्याकडे गॅसचा ओव्हन आहे त्यांना मी हे करूच नका म्हणतो.

सहा मिनिटांनी बाजूची भिंत अंगठ्यानं दाबून पाहिली. नव्या रबरी चपलेची टाच दाबावी तशी लागली पाहिजे: दबते, पण ओघळत नाही.

तोवर मेहुण्याच्या हाडावर चिकटपट्टीच्या जाड कापडाच्या दोन गोल टिकल्या, एकावर एक, लावून ठेवल्या होत्या. त्यांच्यावर खेळताना घालतो तोच पातळ मोजा. बूट निवल्यावर टिकल्या काढल्या की तेवढी जागा हाडाला जास्तीची मिळते. पाय आत घालताना जीभ पूर्ण पुढे ओढलेली. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं: घडी घातलेल्या सतरंजीवर टाच तीनदा, चारदा मागे आपटायची. बोटं टोपीपासून सुटल्याचं त्यानं सांगितल्यावरच नाडीला हात लावला. नाडी वर न खेचता दोन्ही बाजूंना आडवी ओढत, खालून वर, बेताची.

बसायला खुर्ची दिली नाही. लादी पुसताना घेतो तो बुटका स्टूल दिला, म्हणजे गुडघा आपोआप पावलाच्या पुढे येतो. वर मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून हलका भार दिला. टाचेच्या वर, घोट्याभोवती, पोळ्या गुंडाळायच्या पारदर्शक प्लॅस्टिकचे सात-आठ वेढे, जरा ताणून, म्हणजे कवच अरुंद टाचेला आतून मिठी मारतं. त्याला सुताराचे शिकंजे लावायचे होते, इंटरनेटवर बघून आला होता. एकाच तुकड्यात बनवलेल्या कार्बनच्या काही बुटांना लोक लावतात, पण याचा बूट त्या घडणीचा नव्हता, म्हणून मी नाही म्हटलं.

पंधरा मिनिटं तशीच. "बेल वाजली तरी उठायचं नाही," बायकोनं भावाला दम दिला. बेल वाजली नाही, पण सासूबाईंचा फोन आला. स्टुलावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला लेक बघून त्यांनी विचारलं, "काय मोडलं का रं?"

डाव्या बुटाला तेच सगळं, फक्त टिकल्या नाहीत. सुटलेल्या गोंदाच्या बाजूला ओला फडका झाकून ठेवला. मग दोन्ही बूट घरातल्या हवेत चोवीस तास. गाडीच्या डिकीत ठेवायचे नाहीत, हीटरच्या जाळीवर तर अजिबात नाहीत.

सोमवारी रात्री पुन्हा कुंकू. गुडघे वाकवून. ठिपका नव्या खळग्यात, जवळजवळ मध्यात.

पुढचे सामने

पहिल्याच सामन्यात टाच जागची हलली नाही. उजव्या हाडाचं दुखणं दुसऱ्या सामन्यापर्यंत गेलं. थोडी जळजळ होती, ती आधीच्या जखमेची. टाच धरली गेल्यावर नाडी आवळायचं कारणच उरलं नाही आणि घोट्यावरचे वळ तिसऱ्या आठवड्यात फिके झाले.

उथळपणा मात्र राहिला, राहणारच होता. उजव्या बुटात कारखान्याच्या तळव्याऐवजी पातळ तळवा घातला, तेव्हा पेन्सिल जेमतेम टेकली. शिवाय पायाचा माथा जिथे सर्वांत उंच, तिथली एक भोकांची जोडी नाडी ओवताना सोडून दिली. बधिरपणा दुसऱ्या पिरियडवरून तिसऱ्याच्या शेवटावर गेला. पूर्ण गेला असं तो म्हणत नाही, मीही लिहीत नाही. हमीखाली बूट परत करून उजवा खोल बनवून घेणं हा त्यावरचा खरा इलाज होता, आणि तो रस्ता माझ्या घाईनं, बूट बिघडवून, सोमवारी संध्याकाळीच बंद केला. डाव्या टोपीची कड त्यानं दुकानात चिकटवून घेतली. ओढलं गेलेलं भोक टिकून आहे, पण तिथे तो नाडी जपून ओढतो.

डाव्या करंगळीला एक कुरूप होऊ लागलंय. तिथे पुन्हा ओव्हन नाही. दुकानात बुटाच्या आत गोळा आणि बाहेर कडं धरून तेवढीच जागा दाबून फुगवायचं हत्यार असतं, ते दहा मिनिटांचं काम. बूट न्यायचा, आणि सोबत जागेवर ठिपका करून न्यायचा, म्हणजे तिथल्या माणसाला अंदाजानं दाबावं लागत नाही.

कुंकू मात्र आतल्या पांढऱ्या कापडावरून जात नाही. साबण झाला, व्हिनेगर झालं. परवा कपडे बदलायच्या खोलीत शेजारी बसणाऱ्या गोलकीपरनं उजव्या बुटात डोकावून विचारलं, हे रक्त का. मेहुण्यानं कुंकू म्हणजे काय ते सांगायला सुरुवात केली, आणि बर्फ साफ करणारी गाडी बाहेर पडेपर्यंत तो सांगतच होता.